बिंबाभ्रिकांची अंतरे : कोन, गृहीतक आणि पडताळा

उज्जयिनीच्या वेधशाळेतील यंत्रे आपणांपैकी बहुतेकांनी शालेय सहलीत पाहिली असतील. सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली वेळ सांगते, नाडीवलय यंत्रावरून सूर्य उत्तर गोलार्धात आहे की दक्षिण गोलार्धात हे कळते, भित्तियंत्रावर याम्योत्तर ओलांडणाऱ्या ज्योतीची उंची मिळते आणि दिगंश यंत्र तिची दिशा दाखवते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहांनी ही वेधशाळा उभारली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. या यंत्रांविषयी एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ती सारी कोन मोजतात. ज्योतीचे अंतर मोजणारे यंत्र येथे नाही. ताऱ्यापर्यंतचे अंतर सरळ वाचून दाखवील असे यंत्र जगातील कोणत्याही वेधशाळेत नाही. खगोलशास्त्रज्ञाच्या हाती कोन येतो, प्रकाश येतो आणि काळ येतो. अंतर त्याला यांतून काढावे लागते, आणि ते काढताना काही ना काही गृहीत धरावे लागते.

ते गृहीत कोणते, आणि ते खरे की खोटे हे कळणार कसे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते बिंबाभ्रिकांचे. शालेय भूमितीच्या पलीकडचे गणित त्यास फारसे लागत नाही, हाही या निवडीमागचा एक हेतू.

बिंबाभ्रिका हे नाव ऐकून ग्रहांची आठवण होते, पण त्यांचा ग्रहांशी काहीही संबंध नाही. विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली युरेनसचा शोध लावला आणि पुढल्याच वर्षी, ७ सप्टेंबर १७८२ रोजी, कुंभ राशीत त्यांना एक लहानशी फिकट चकती दिसली. आज ती एनजीसी ७००९ या क्रमांकाने ओळखली जाते. अशा चकत्या दुर्बिणीतून ग्रहबिंबासारख्या दिसत, म्हणून हर्शेल यांनी त्यांचे ग्रहावरून नामकरण केले. मराठीत ‘बिंब’ हा शब्द आला तो याच सादृश्यामुळे. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एनजीसी ६५४३ या अभ्रिकेचा वर्णपट पाहिला, तेव्हा ताऱ्यासारखी सलग रंगपट्टी न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. चकती म्हणजे तप्त विरळ वायू होता. त्यांतील हिरव्या रेषा पृथ्वीवरील कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्य कल्पिण्यात आले. त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत हे आयरा बोवेन यांनी १९२७ च्या सुमारास दाखवून दिले आणि ते मूलद्रव्य इतिहासजमा झाले.

सूर्याएवढ्या किंवा त्याच्या सुमारे आठपटीपर्यंत वस्तुमानाच्या ताऱ्याचे हे अंतकाळचे रूप आहे. असा तारा तांबडा महातारा होऊन फुगतो, आपली बाह्य आवरणे अवकाशात सोडून देतो, आणि आतील उघडा पडलेला अतितप्त गाभा त्या वायूला जंबुपार किरणांनी प्रज्वलित करतो. वायू सेकंदाला साधारण वीस-तीस किलोमीटर वेगाने पसरत जातो आणि काही हजार, फार तर काही दहा हजार वर्षांत विरून दिसेनासा होतो. मागे उरतो तो श्वेत बटू तारा. आपल्या आकाशगंगेत अशा सुमारे साडेतीन हजार अभ्रिका नोंदविल्या गेल्या आहेत. सूर्याच्या वाट्यालाही असेच काही येण्याचा संभव आहे. पण ती वेळ पाच अब्ज वर्षांनंतरची असल्याने सध्या चिंता नको.

आता अंतर कळले नाही तर नेमके अडते कोठे? अभ्रिकेचा कोनीय व्यास दुर्बिणीतून मोजता येतो. खरी रुंदी हवी असेल तर त्याला अंतराने गुणावे लागते. रुंदी कळली की तिला प्रसरणाच्या वेगाने भागून वय येते. म्हणजे अंतर दुप्पट धरले की वयही दुप्पट. मध्यवर्ती ताऱ्याची खरी दीप्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; अंतर दुप्पट, तर तारा चौपट तेजस्वी. प्रज्वलित वायूचे वस्तुमान तर अंतराच्या अडीचाव्या घाताने वाढते, म्हणजे अंतर दुप्पट होताच ते साडेपाच पटींहून अधिक होते. आपल्या परिसरात या अभ्रिका किती दाट आहेत आणि म्हणून वर्षाकाठी किती तारे अशा रीतीने संपतात, या हिशोबात अंतराचा घन येतो. तेथे दुपटीची चूक आठपटीची होते. ताऱ्याने मरताना किती कार्बन, किती नायट्रोजन अवकाशाला परत केला, हा हिशोबही या वस्तुमानावरच उभा आहे. आणि १९९० च्या दशकातही एकाच अभ्रिकेची दोन नामांकित सूच्यांमधील अंतरे एकमेकींच्या दुप्पट-तिप्पट निघत, ही वस्तुस्थिती होती. ‘लांब पल्ल्या’चा पुरस्कार करणारे आणि ‘आखूड पल्ल्या’चा पुरस्कार करणारे असे अभ्यासकांचे तटच त्या काळी पडले होते.

या वादाकडे वळण्यापूर्वी थोडे आपल्याच गावात थांबू. प्राचीन सिद्धान्तग्रंथांनी लंकेपासून मेरूपर्यंतची मध्यरेषा उज्जयिनीवरून नेली आणि ग्रहगणिताचा आरंभ येथल्या याम्योत्तरापासून केला. त्याच सिद्धान्तांत ग्रहांच्या अंतरांचाही हिशोब आहे, आणि तो ज्या युक्तीने केला आहे ती आपल्या विषयाशी फार जवळची आहे. सूर्यसिद्धान्तात चंद्रकक्षेचा परीघ ३,२४,००० योजने आणि पृथ्वीचा व्यास १,६०० योजने दिला आहे. यावरून चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे साडेचौसष्ट पट येते. आधुनिक मान साठ पटींहून किंचित अधिक आहे. नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधांच्या काळातील हा आकडा कोणीही मान लववावी असाच आहे. चंद्र जवळचा असल्याने त्याचे लंबन, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठावरून आणि केंद्रावरून पाहताना त्याच्या स्थानात पडणारा फरक, जवळजवळ एक अंश भरते. ते चुकीचे धरले तर सूर्यग्रहणाची वेळ चुकते, आणि ग्रहण चुकल्याचे साऱ्या गावाला दिसते.

चंद्रापलीकडे मात्र असे मोजमाप शक्य नव्हते. तेथे आचार्यांनी एक गृहीतक स्वीकारले. सर्व ग्रह एका दिवसात सारखीच योजने चालतात. जो मंद दिसतो तो दूर आहे म्हणून मंद दिसतो. सूर्यसिद्धान्तानुसार ही दैनिक चाल सुमारे ११,८५९ योजने आहे. मग चंद्राला एक प्रदक्षिणा करण्यास जितका काळ लागतो त्याच्या सुमारे १३.३७ पट काळ सूर्याला लागतो, म्हणून सूर्यकक्षा चंद्रकक्षेच्या १३.३७ पट : ४३,३१,५०० योजने. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून शनीची कक्षा सूर्यकक्षेच्या साडेएकोणतीस पट. गणित निर्दोष आहे. पण सूर्याचे अंतर चंद्राच्या तेरापट नसून सुमारे ३९० पट आहे, आणि शनी सूर्याच्या मानाने साडेएकोणतीस पट नव्हे, साडेनऊ पट दूर आहे. दूरचे ग्रह खरोखरच हळू चालतात. हा नियम केप्लर यांच्या हाती लागेपर्यंत सतरावे शतक उजाडले.

येथे उपहास करण्याचे कारण नाही आणि अभिमानाने फुगण्याचेही नाही. लक्षात घ्यायचे ते हे की एका वस्तूचे अंतर मोजून काढले आणि बाकीच्यांना ‘त्या सर्व एका बाबतीत सारख्या आहेत’ असे मानून रांगेत बसविले. भास्कराचार्यांना या गृहीतकाची नाजूक बाजू जाणवली असावी. सिद्धान्तशिरोमणीत ते म्हणतात त्याचा आशय असा की, ब्रह्मांड एवढे असो वा नसो, कल्पभरात ग्रह इतकी योजने चालतो एवढेच आमचे मत आहे. सावधगिरीचा हा स्वर मला आकड्यांपेक्षाही मोलाचा वाटतो.

आता १९५६ सालात येऊ. सोव्हिएत शास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्हस्की यांच्यापुढे अडचण तीच होती. बिंबाभ्रिका शेकड्यांनी ज्ञात होत्या आणि एकीचेही अंतर धड मोजता येत नव्हते. त्यांनी मानले की सर्व अभ्रिकांतील प्रज्वलित वायूचे वस्तुमान सारखेच, सूर्याच्या सुमारे एक-पंचमांश असते. तेवढाच वायू जसजसा अधिक जागेत पसरतो तसतशी त्याची घनता कमी होते आणि त्याचा प्रकाश घनतेच्या वर्गानुसार मंदावतो. मग कोनीय व्यास आणि प्रकाश एवढे दोनच आकडे मोजले की अंतर निघते. या युक्तीत एक मोठी सोय आहे. काढलेले अंतर वस्तुमानाच्या केवळ दोन-पंचमांश घातावर अवलंबून असते. वस्तुमानाचा अंदाज दुपटीने चुकला तरी अंतर सुमारे बत्तीस टक्क्यांनीच चुकते.

अडचण अशी निघाली की चूक दुपटीची नव्हती. तरुण, दाट अभ्रिकेत ताऱ्याचे जंबुपार किरण आतल्या थरांतच संपून जातात. बाहेरचा वायू अंधारात राहतो. तेथे प्रज्वलित वस्तुमान एक-पंचमांशाच्या एक-दशांशाहूनही कमी असू शकते, आणि श्क्लोव्हस्की यांच्या सूत्राने काढलेले अंतर अडीचपटीने किंवा त्याहूनही जास्त फुगते. सारख्या चालीच्या ग्रहांप्रमाणेच सारख्या वस्तुमानाच्या अभ्रिकाही निसर्गात नव्हत्या. गंमत अशी की याच विवेचनात श्क्लोव्हस्की यांनी बिंबाभ्रिका तांबड्या महाताऱ्यापासून जन्मतात आणि त्यांचा मध्यवर्ती तारा श्वेत बटू होतो, असेही प्रतिपादन केले. ते पूर्णतः खरे ठरले. निष्कर्ष टिकला, गृहीतक गेले. पुढील अभ्यासकांनी सूत्र सुधारत नेले : प्रज्वलित वस्तुमान त्रिज्येबरोबर वाढते असे धरणारी रूपे आली, आणि २०१६ साली फ्रू, पार्कर आणि बोयिचिच यांनी हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशातील पृष्ठतेज आणि त्रिज्या यांचा जो संबंध मांडला त्यातून अंतरे साधारण वीस ते तीस टक्क्यांच्या चुकीने मिळू लागली. पण कोणत्याही सूत्राची पट्टी प्रथम आखावी लागते, आणि ती आखण्यास काही अभ्रिकांची अंतरे गृहीतकाविना माहीत असावी लागतात.

अशी अंतरे मिळविण्याचे काही मार्ग आहेत. त्यांतला सर्वांत रंजक मार्ग प्रसरणाचा. हगिन्स यांनी पाहिलेल्या त्याच एनजीसी ६५४३ अभ्रिकेची, जिला तिच्या आकारामुळे मांजरीचा डोळा म्हणतात, हबल दुर्बिणीने काही वर्षांच्या अंतराने छायाचित्रे घेतली. दोन्ही ताडून पाहता अभ्रिका वर्षाला ०.००३४५७ विकला इतकी फुगत असल्याचे दिसले. वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून वायूचा वेग सेकंदाला १६.४ किलोमीटर निघाला. एक कोनीय गती, एक खरी गती. दोहोंचा भागाकार म्हणजे अंतर. विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे : १६.४ ला ४.७४ गुणिले ०.००३४५७ ने भागा. उत्तर सुमारे १,००० पार्सेक, म्हणजे ३,२६० प्रकाशवर्षे येते. (४.७४ हा आकडा विकला, वर्ष आणि किलोमीटर या एककांचा मेळ घालणारा आहे.) १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत सव्वीस-सत्तावीस टक्के अनिश्चितता होती आणि ती लपविलेली नव्हती.

येथे तरी गृहीतक नसेल असे वाटते. पण आहे. चित्रात सरकताना दिसते ती अभ्रिकेची कड. वर्णपट सांगतो तो वायूचा वेग. ही दोन एकच आहेत असे आपण न बोलता मानले. नदीला पूर आला असता पुराची कड ज्या वेगाने पुढे सरकते, तोच वेग पाण्यातील काटकीचा असेल असे नाही. अभ्रिकेतही प्रज्वलनाची किंवा आघाताची लाट वायूपेक्षा वेगाने धावते. गॅरेल्ट मेल्लेमा यांनी २००४ साली दाखविले की त्यामुळे या पद्धतीची अंतरे सामान्यतः वीस-तीस टक्क्यांनी कमी भरतात. मांजरीच्या डोळ्याचे अंतर नंतरच्या पराशयमापनाने चार हजार प्रकाशवर्षांच्या पुढे गेले.

तारकागुच्छांचा आधारही मिळतो, पण क्वचित. १९२८ साली फ्रान्सिस पीझ यांना महाश्वातील एम १५ या गोलाकार गुच्छात एक बिंबाभ्रिका सापडली. गुच्छाचे अंतर तेच तिचे अंतर. अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि फसगतही होते. एम ४६ या खुल्या गुच्छात एनजीसी २४३८ ही अभ्रिका अगदी पोटात बसल्यासारखी दिसते. परंतु तिचा वेग गुच्छाच्या वेगाशी जुळत नाही. ती पुष्कळ अलीकडे असून केवळ दृष्टिरेषेत आली आहे.

शेवटी उरतो तो पराशय, म्हणजे चंद्राच्या लंबनाचीच मोठी आवृत्ती. तेथे पाया पृथ्वीच्या त्रिज्येचा होता, येथे पृथ्वीच्या कक्षेच्या त्रिज्येचा आहे. सहा महिन्यांच्या अंतराने तारा पाहिला की तो दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. १८३८ साली बेसेल यांनी हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचा पराशय मोजला. तो सुमारे एक-तृतीयांश विकला होता. कुंभेतील एनजीसी ७२९३ ही आपल्याला फार जवळच्या बिंबाभ्रिकांपैकी एक. तरी तिच्या मध्यवर्ती ताऱ्याचा पराशय विकलेच्या दोनशेव्या भागाएवढाच आहे. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे येथून हजार किलोमीटरवर, म्हणजे बंगळूरच्या थोडे अलीकडे, ठेवले तर ते तेवढे दिसेल. त्यातून हे तारे मंद, आणि वातावरण प्रकाश हालविणारे. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेने अनेक वर्षे खपून २००७ साली अशा सोळा ताऱ्यांचे पराशय प्रसिद्ध केले, हीसुद्धा मोठी कामगिरी मानली गेली.

हे चित्र पालटले ते युरोपच्या गाया उपग्रहाने. १९ डिसेंबर २०१३ रोजी तो सोडण्यात आला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी त्याची निरीक्षणे थांबली. त्याच्या वेधांवरून एनजीसी ७२९३ चे अंतर सुमारे ६५० प्रकाशवर्षे, जंबूकातील एम २७ चे सुमारे १,२७० आणि स्वरमंडलातील एम ५७ या कंकणाकृती अभ्रिकेचे सुमारे २,५७० प्रकाशवर्षे आले. या आकड्यांत अभ्रिकेच्या वस्तुमानाविषयी, वेगाविषयी, रूपाविषयी काहीही मानलेले नाही. लागते ती फक्त भूमिती.

आणि योग्य तारा. गृहीतक येथेही मागच्या दाराने शिरते. अभ्रिकेच्या मध्याजवळ दिसणारा तारा तिचाच आहे, की वाटेतला कोणी परका? दक्षिण आकाशातील एनजीसी ३१३२ च्या मध्यावरचा ठळक तारा तिचा जनक नाहीच. जनक आहे तो त्याच्या शेजारचा मंद सोबती. तेथे दोघे जोडीचे असल्याने ठळक ताऱ्याचा पराशय उपयोगीच पडला, पण प्रत्येक वेळी नशीब असे साथ देत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गायाच्या वेधांतून २,०३५ बिंबाभ्रिकांचे मध्यवर्ती तारे ओळखण्यात आले. त्यांपैकी तारा आणि अंतर या दोन्हींबाबत भरवसा ठेवावा अशा ४०५ च निघाल्या. उरलेल्यांसाठी आजही सांख्यिकी सूत्रेच वापरावी लागतात. फरक एवढाच, पण तो मोठा आहे, की आता त्या सूत्रांची पट्टी शेकडो मोजलेल्या अंतरांवर आखता येते, आणि सूत्र कोठे वाकते तेही दिसते.

अभ्रिकेत नेमका किती वायू आहे हा प्रश्न त्यामुळे नव्याने हाती घेता आला. त्यात भारताचाही वाटा आहे. २०१५ साली सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील जंबुपार दुर्बिणीतून एन. कामेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनजीसी ४० आणि एनजीसी ६३०२ या अभ्रिकांभोवती दृश्य प्रकाशात न दिसणारे मोठे विस्तार पाहिले. त्यांचे निबंध २०१८ साली आले. म्हणजे ज्या कडेला आपण अभ्रिकेची सीमा समजत होतो तिच्याबाहेरही पुष्कळ सामग्री आहे. हा विस्तार किती प्रकाशवर्षांचा, हे ठरविण्यास पुन्हा अंतरच लागते.

आणखी एक विरोधाभास सांगितला पाहिजे. आपल्या अंगणातील बिंबाभ्रिकांनी खगोलशास्त्रज्ञांना इतके छळले, पण परक्या दीर्घिकांतील बिंबाभ्रिका त्यांच्या उत्तम कामी आल्या. देवयानी दीर्घिकेत दिसणाऱ्या सर्व अभ्रिका आपल्यापासून जवळजवळ सारख्याच, सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहेत, तेव्हा त्यांची परस्पर तुलना सरळ करता येते. जॉर्ज जॅकोबी आणि रॉबिन चार्डुलो यांनी १९८९ च्या सुमारास दाखविले की हगिन्स यांना दिसलेल्या त्या हिरव्या ऑक्सिजनरेषेत कोणत्याही दीर्घिकेतील सर्वांत तेजस्वी बिंबाभ्रिका एका ठराविक मर्यादेपलीकडे जात नाहीत. एकेकट्या अभ्रिकेविषयी ‘सर्व सारख्या’ म्हणता आले नाही. शेकडो अभ्रिकांच्या कळपाविषयी मात्र ‘सर्वांत उजळ त्या सारख्या’ असे म्हणता येते. या मर्यादेवरून कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकांची अंतरे काढली जातात आणि इतर पद्धतींशी ती चांगली जुळतात. ही मर्यादा वृद्ध आणि तरुण ताऱ्यांच्या दीर्घिकांत सारखीच का असावी, याचे समाधानकारक उत्तर शोधण्याचे काम अद्याप चालू आहे. तोवर हेही एक गृहीतकच. पडताळ्याला आतापर्यंत उतरलेले.

ज्यांना यांतील एखादी अभ्रिका प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांच्यासाठी : पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात रात्र पडताच, उज्जैनच्या आकाशात अभिजित तारा जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या दक्षिणेस स्वरमंडलातील दोन मध्यम तारे जवळजवळ आहेत. एम ५७ त्या दोहोंच्या दरम्यान सापडते. लहान दुर्बिणीतून ती धुराच्या कड्यासारखी दिसते. तिचा मोठा व्यास ८६ विकला आहे आणि अंतर वर दिलेच आहे. कडे किती रुंद आहे हे आता घरी कागदावर काढता येईल. उत्तर एका प्रकाशवर्षाहून थोडे अधिक यावयास हवे.